दोन जुन्या फोर बाय फोर, आणि त्यातली कुठली घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पैसे बेताचेच आहेत, डांबरी रस्ता सोडून जाता येईल अशी जुनी गाडी हवी आहे, आणि दोन गाड्या पाहून झाल्या आहेत. पहिली उंच केलेली. तिला मोठे टायर, विंच (रुतलेली गाडी ओढायचे तारेचे चक्र), स्नॉर्केल (इंजिनासाठी वरून हवा घेणारी नळी), नवा रंग, खालची बाजूही काळी कुळकुळीत. दुसरी कंपनीतून बाहेर पडली तशीच. रंग उडालेला, एका दाराला पोचा, सीट फाटलेली, पण पहिल्यापासून एकाच मालकाकडे. किमतीत फारसा फरक नाही. यातली कुठली घ्यावी, पेट्रोल बरी की डिझेल, आणि मुळात एखादी साधी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणारी रस्त्यावरची गाडी) चालणार नाही का, असे तुम्ही विचारले आहे.

गाड्या न पाहता सांगायचे तर मी दुसरीकडे झुकेन. कारण सांगतो. वीस वर्षांहून जास्त काळ मी याच गाड्यांच्या खाली पडून काम करतो आहे आणि जुनी गाडी पाहताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हिच्यात जे बिघडले आहे ते पाने आणि सुटे भाग यांनी भागेल, की सगळी गाडी सोलावी लागेल? इंजिन उतरवता येते. गिअर बॉक्स बदलता येतो, डिफरन्शिअल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअरचे जुडगे) दुसरे बसवता येते. चासी, म्हणजे गाडी ज्यावर उभी असते तो लोखंडी सांगाडा, गंजली असेल तर मात्र बॉडी, टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग सगळे सोडवावे लागते, आणि तो खर्च बहुतेक वेळा त्या स्वस्त गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून मी आधी चासी पाहतो, मग ट्रान्सफर केस (गिअर बॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांमधला आडवा दांडा), मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आता एक गोष्ट तुमच्याकडूनच कळायला हवी: गाडी जाणार कुठे? खड्ड्यांचा कच्चा रस्ता, थोडी खडी, कधीमधी चिखलाचा पट्टा एवढेच असेल, तर ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चांगल्या टायरवर हे काम निभावते. तिथे जुनी फोर बाय फोर घेऊन तुम्ही जास्त इंधन, जास्त आवाज आणि जास्त देखभाल विकत घ्याल. पण चढ उभा असेल, दगडांवरून रांगत जायचे असेल किंवा खोल वाळू असेल, तर गोष्ट बदलते. ऑल व्हील ड्राइव्हच्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या चाकांना ताकद देणारा जोड क्लचसारखा असतो. चाके बराच वेळ घसरत राहिली की तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो, म्हणजे नेमकी गरज असताना मागची चाके गप्प होतात. आणि यांतल्या बहुतेकींना लो रेंज नसते.

लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधली गिअरची आणखी एक पायरी. 1984 ते 2001 या काळातल्या जीप चेरोकीत सर्रास आढळणाऱ्या ट्रान्सफर केसची लो रेंज 2.72 पट आहे. रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये ती 4 पट असते. इंजिन तेवढ्याच वेगाने फिरत असताना चाके तितक्या पटीने सावकाश फिरतात आणि चाकावर येणारा जोर तितक्या पटीने वाढतो. चढावर क्लच जळत नाही हा फायदा सगळ्यांना माहीत असतो. मला उतारावरचा फायदा मोठा वाटतो: पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न ठेवता, गाडी माणसाच्या चालीने खाली येते आणि चाके लॉक होऊन घसरत नाहीत. तुमच्या वाटेत असे उतार असतील तर लो रेंज नसलेल्या गाडीचा विचारच करू नका.

चासीबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथेच माझे स्वतःचे पैसे बुडाले आहेत. माझी पहिली गाडी तुमच्या पहिल्या गाडीसारखीच खालून काळी, चकचकीत होती. मला वाटले, मालकाने काळजी घेतली आहे. वर्षभरानंतर एका साध्या चरातून जाताना मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) हँगर चासीतून पत्र्यासकट निघाला. आत पाहिले तर त्या काळ्या थराखाली लोखंड शिल्लकच नव्हते. गंजावर थेट डांबरी कोटिंग मारले होते. बरोबर घरची माणसे होती; वेग कमी होता म्हणून निभावले. तेव्हापासून ताजे कोटिंग दिसले की मी ती गाडी जास्त वेळ तपासतो.

चासीच्या पोकळ पट्ट्यांमध्ये चिखल शिरतो, पाणी वाहून जायची भोके बुजतात आणि ओला चिखल महिनोन् महिने आत बसतो. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो आणि बाहेरून दिसेपर्यंत बराचसा पत्रा खाल्लेला असतो. छोटी हातोडी घेऊन खाली जा. धड लोखंड टणत्कार देते, सडलेले किंवा चिखलाने भरलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचा. मागच्या अॅक्सलवर चासी कमानीसारखी वर वळते तो भाग, त्याच्या मागचा शेवटचा तुकडा, पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे हँगर, बॉडी चासीवर बसते ते कंस आणि स्टेअरिंग बॉक्स बसवलेली जागा, एवढ्या ठिकाणी टोचल्याशिवाय उठू नका. मालक टोचू देत नसेल तर पुढे बोलणीच नको. चौकोनी पट्टी ठेवून वेल्डिंग केलेले दिसले तर त्या पट्टीच्या कडेला काय आहे ते पाहा. सडक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, ते पट्टीशेजारी नव्याने फाटते.

नावाजलेल्या इंजिनामुळे यातून सुटका होत नाही. टोयोटाची टॅकोमा पिकअप टिकाऊपणासाठी ओळखली जाते, तरी 1995 ते 2000 या वर्षांतल्या गाड्यांच्या चासी इतक्या गंजल्या की 2008 मध्ये कंपनीला अमेरिकेत चासीची वॉरंटी 15 वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. लाखो किलोमीटर चालणारे इंजिन होते, पण ते ज्यावर बसले होते तेच गेले. जुन्या चेरोकीला किंवा लाडा निवाला तर वेगळी चासी नाहीच, बॉडी आणि सांगाडा एकच असतो. दोन्ही गाड्या वाटेबाहेर उत्तम चालतात, तेव्हा 'शिडीची चासी नसेल तर ती फोर बाय फोर नव्हे' हे खरे नाही. पण तिथे फ्लोअरचा गंज हा सांगाड्याचाच गंज असतो, म्हणून कार्पेट उचलूनच पाहायचे.

कार्पेट उचलला आहेच, तर पाण्याच्या खुणाही शोधा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या हातभर भागावर गाळाची रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत चढले होते. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जुडग्यात, सीटच्या रुळांत बारीक माती अडकून राहते. गाडी कितीही धुतली तरी ती निघत नाही. मग डिफरन्शिअल, ट्रान्सफर केस आणि गिअर बॉक्स या तिन्हींच्या भरणीच्या नटातून करंगळीने तेल काढून पाहा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे: चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. श्वास घ्यायची नळी, म्हणजे ब्रीदर, मोकळी असेल तर ती बाहेरून हवा घेते. ती मातीने बुजलेली असेल तर अॅक्सल ऑइल सीलमधून पाणी ओढतो. नुकतेच झाले असेल तर तेल बदलून भागते. वर्षभर तसेच चालवले असेल तर बेअरिंग आणि क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलमधले मुख्य गिअर) गेलेच समजा.

स्नॉर्केलचा विषय इथेच संपवतो. ते इंजिनाच्या तोंडाशी पाणी येऊ देत नाही. अॅक्सल, अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंग यांचे रक्षण करत नाही. पहिल्या गाडीच्या मालकाला विचारा, ते का बसवले होते आणि ब्रीदरच्या नळ्या वर उचलल्या आहेत का. स्नॉर्केल आहे आणि ब्रीदर अजून अॅक्सलवरच असतील, तर ते शोभेसाठी तरी आहे किंवा गाडी पाण्यात जात होती आणि तेले तपासायलाच हवीत.

फोर व्हील ड्राइव्ह खरोखर लागते का हे तपासायला डोंगर लागत नाही. सपाट जागी, चाकांना दगडाची ओट लावून, इंजिन बंद ठेवून पुढचे एकच चाक जॅकवर उचला. टू व्हीलमध्ये ते हाताने फिरायला हवे. आता ट्रान्सफर केस फोर हायमध्ये (चारही चाके, पण लो रेंज नाही) टाका, हब (पुढची चाके अॅक्सलला जोडणारे खटके) हाताने लावायचे असतील तर तेही लावा. पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला जोडला गेला, मागची चाके जमिनीवर आहेत, पुढचे दुसरे चाकही जमिनीवर आहे. म्हणजे उचललेले चाक थोडी ढिलाई सोडली तर अडायला हवे. मोकळे फिरले तर ताकद पुढे पोहोचत नाही. हब व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर ते आधी इंजिन चालू असताना लागू द्यावे लागतात, नाहीतर चांगली गाडी उगाच नापास कराल. ही युक्ती पार्ट टाइम, म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या, फोर बाय फोरसाठी आहे. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधले डिफरन्शिअल लॉक करूनच ती लागू पडते.

मग मातीच्या मैदानावर फोर लो (चारही चाके, लो रेंजमध्ये) टाका. डांबरावर नको: वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात, दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असले की तो फरक कुठे जिरत नाही आणि सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) येतो. मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश पुढे जा. टक-टक आवाज आला तर पुढचे जॉइंट झिजले आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा, सोडा. गिअर निसटून न्यूट्रलला आला तर गिअर बॉक्स उतरवावा लागेल. दर वेळी 'ठक्' झाले तर बहुधा शाफ्टचे क्रॉस, आणि ते स्वस्त काम आहे. पुढे सलग अॅक्सल असलेल्या गाडीत खड्ड्यावरून गेल्यावर स्टेअरिंग थरथरू लागले आणि थांबेना, तर किंगपिनची बेअरिंग, टाय रॉडचे टोक आणि अॅक्सल आडवा धरणाऱ्या दांड्याचे बुश तपासा. नवा कोरा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक अॅब्झॉर्बर) दिसला तर मी ही चाचणी दोनदा करतो, कारण थरथर लपवायला तो सर्रास लावतात.

आता पहिल्या गाडीचा मुख्य मुद्दा, म्हणजे तिची उंची. स्प्रिंग बदलून किंवा ठोकळे घालून बॉडी उचलली तरी अॅक्सल जमिनीपासून होता तितकाच राहतो. डिफरन्शिअलचा लोटा (अॅक्सलचा मधला फुगीर भाग) वर उचलतात ते फक्त टायर. 29 इंची टायर काढून 33 इंची लावले तर व्यास 4 इंच वाढला, पण लोटा वर गेला 2 इंच. त्याच वेळी गाडीचे सगळे गिअर जवळपास 14 टक्क्यांनी लांबले. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 68 च्या आसपास असते, ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, क्लच जास्त घासतो. उंचीमुळे शाफ्टचे कोन वाकडे होतात आणि क्रॉस लवकर जातात, पुढच्या अॅक्सलचा तिरकेपणा बदलतो आणि स्टेअरिंग सरळ धरेनासे होते, आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती वाढते. हे सगळे दुरुस्त करता येते: क्राउन-पिनियन बदलायचे, दांडे लांबवायचे, ब्रेकचे होज मोठे घालायचे. नीट केलेली अशी गाडी मी आनंदाने घेईन. पण नीट केलेली स्वस्त नसते, आणि तुमच्यासमोरची स्वस्त आहे. यातले काय काय केले आहे आणि बिले आहेत का, हे विचारल्याशिवाय त्या गाडीची किंमत ठरवता येत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते यावरून अर्धे कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जाते आहे, हेड गॅस्केटची शंका घ्या. चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण उघडा. जोराने हवा आणि धूर फेकत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर पिस्टन-रिंगचे काम उभे आहे. पेट्रोल गाडीचे कॉम्प्रेशन गेजने मोजून घेता आले तर सिलिंडरांमध्ये 10 ते 15 टक्क्यांहून जास्त तफावत नसावी. शेवटी अर्धा तास फोर लोमध्ये सावकाश फिरवा आणि तापमानाच्या काट्याकडे पाहा. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळलेला असेल तर तो इथे उघडा पडतो, हमरस्त्यावर वाऱ्यामुळे कळत नाही.

पेट्रोल की डिझेल हे मी तुमच्या वापरावर सोडतो. जुने, यांत्रिक पंपाचे डिझेल कमी वेगात चांगला जोर देते आणि बराच गलथानपणा सहन करते. नंतरच्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) डिझेलमध्ये ताकद जास्त आहे, पण त्यांचे इंजेक्टर आणि पंप घाणेरड्या इंधनाने बिघडतात आणि तो खर्च स्वस्त गाडीला झेपत नाही. छोट्या छोट्या फेऱ्या होणार असतील तर धुराची काजळी अडवणारा फिल्टर असलेले डिझेल टाळा, तो पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. हलक्या गाडीला पेट्रोल छान शोभते. 1998 ते 2018 या काळातली सुझुकी जिम्नी साधारण एका टनाची आहे. जिथे दोन टनांहून जड लँड क्रूझर रुतते तिथे ती वरवर निघून जाते, आणि रुतलीच तर दोन-तीन माणसे आणि एक फावडे यांनी निघते. एकट्याने जाणाऱ्याला मी नेहमी हलकी गाडी सुचवतो. मॉडेल कुठलेही असो, तुमच्या आसपास त्याचे ऑइल सील, बेअरिंग, क्लच प्लेट आणि क्रॉस सहज मिळतात का, ते गाडी पाहायला जाण्यापूर्वी विचारून या.

पैशांचे गणित: हातात जे आहे त्याचा तिसरा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्यात गाडी शोधा. तो हिस्सा पहिल्या महिन्यातच लागतो. सगळी तेले, कूलंट, पट्टे, होज, ब्रेक, बॅटरी, आणि टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात; 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर दगडावर चिरतो. पाचही टायर एका मापाचे असावेत. आणि पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले ओढण्याचे मजबूत हुक बसवून घ्या. ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका, तुमचीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही. झटक्याने तो गोळा तुटतो आणि काचेतून आरपार जातो; माणसे यात मेली आहेत.

तर तुमच्या दोन गाड्या. दुसरीची चासी हातोडीखाली खणखणीत वाजली, तिन्ही तेले स्वच्छ निघाली आणि उचललेले चाक फोर हायमध्ये अडले, तर दाराचा पोचा आणि फाटकी सीट दाखवून भाव थोडा कमी करून घ्या आणि कागदांवरचा चासी नंबर प्रत्यक्ष नंबराशी जुळवून, कर्जाचा बोजा नाही याची खात्री करून ती उचला. मागच्या हँगरपाशी बद्द वाजली तर तीही सोडा, एकाच मालकाची असली तरी. पहिलीचा विचार सोडवत नसेल, तर चासीच्या मागच्या टोकावरचे काळे कोटिंग तळहाताएवढे खरवडू द्याल का, हे आधी फोनवरच विचारा. 'हो' म्हणाले तर जा, आणि खाली काय दिसले ते मला कळवा; तेव्हा तिच्या उंचीच्या कामाबद्दल पुढे बोलू.